लाल चिठ्ठीची गाठ

१

भंगाराच्या खोक्यातून हामा तोमोएनं टेपरेकॉर्डर वर काढला आणि तो फार हलका लागतोय हे तिच्या हाताला आधी कळलं. तिनं तो उलटा केला. मागचं झाकण नव्हतं, मोटर नव्हती. कॅसेट बसते त्या कप्प्याचं दार लोंबकळत होतं आणि कप्पा रिकामा होता.

दारात इमाई किनुएबाई उभ्या होत्या. हातात घरच्या नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्याचं पुडकं होतं. दुरुस्ती झाली असेल तर यंत्र घेऊन जावं, नसली झाली तरी लोणचं देऊन जावं, म्हणून पंचाहत्तरीच्या बाई शनिवारी सकाळीच चढण चढून आल्या होत्या.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरचा पोचा माझ्याच हातचा. आतली कॅसेट कुठंय?"

खोलीतल्या चौघांच्या नजरा त्या रिकाम्या कप्प्यावर गेल्या.

शिमोसुवा गावातल्या, सोयाबीन आंबवून मिसो करणाऱ्या जुन्या कारखान्याचं उपाहारगृह आता या हौशी कारागिरांच्या मंडळाकडे होतं. गावातले लोक बंद पडलेले प्रिंटर, कॅमेरे, खेळणी इथं आणून टाकत. मंडळी ती उघडून आतल्या बोटभर मोटरी, दातेरी चाकं, स्प्रिंगा काढून खणांत लावून ठेवत आणि त्यांतून पाळणे, याऱ्या, रोपवेची छोटी छोटी चालती रूपं बनवत. नियम एकच होता. मोडायची वस्तू खोक्यात. दुरुस्तीची वस्तू फळीवर, आणि तिला कोरी लाल चिठ्ठी.

"हामासान," हानाओका म्हणाला, "मंगळवारी हा तुम्हीच घेतलात ना? चिठ्ठी बांधली होती ना?"

"बांधली होती," तोमोए म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच शंका आली. बांधली होती? कॅमेऱ्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एकतीस वर्षं तिनं चिठ्ठ्या बांधल्या होत्या. हात आपसूक चालत. पण हातांनी आपसूक केलेल्या कामाला मन साक्षी नसतं. मंगळवारी किनुएबाई दारात यंत्र देत होत्या तेव्हा आत किटली उतू चालली होती, एवढंच तिला लख्ख आठवत होतं. फळीवर आता चिठ्ठी नव्हती, जमिनीवरही नव्हती.

मंडळाचे प्रमुख मियासाका सेन्सेई खुर्चीतून सावकाश उठले. एकोणऐंशी वर्षांचे. कारखान्यात तोमोएला काम शिकवलं ते त्यांनीच.

"चूक कुणाचीही होऊ शकते, हामासान," ते हळू आवाजात म्हणाले. "वयच आहे आपलं."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या मऊ शब्दांनी तोमोएचे कान तापले. तिनं किनुएबाईंसमोर कमरेत वाकून माफी मागितली. बाईंनी लोणच्याचं पुडकं टेबलावर ठेवलं.

हानाओकाला शांतता सोसत नसे. गावात घड्याळांचं दुकान चालवलेला बहात्तर वर्षांचा गडी. "बसा तरी, किनुएसान. चहा घ्या. मंडळाच्या प्रदर्शनासाठी हे केलंय, बघा." त्यानं टेबलावरच्या लाकडी घोड्यांच्या चक्राचं बटण दाबलं.

चक्र सुरू झालं. आठही घोडे शेपटीच्या दिशेनं, उलटे धावू लागले.

२

"हे असं परवापासून चाललंय," हानाओका ओशाळून म्हणाला. "गुरुवारी दुपारी जुनी मोटर जळली, म्हणून खणातली दुसरी बसवली. उलटी फिरते म्हणून वायरींची अदलाबदल केली, तर मुळी फिरेचना."

तोमोए चक्राकडे बघत राहिली. साध्या छोट्या मोटरीच्या दोन वायरी बदलल्या की ती उलटी फिरते, यात चुकण्यासारखं काही नाही. फक्त टेपरेकॉर्डरच्या मोटरीचं तसं नसतं. गाण्याचा वेग एकसारखा राहावा म्हणून तिच्या पोटात सर्किटची छोटी चकती असते, आणि ती मोटर एकाच दिशेनं फिरते.

"हे खोला," ती म्हणाली.

"आत्ता कशाला?" सेन्सेई म्हणाले. "पाहुणी बसलीय."

पण हानाओकानं स्क्रू काढलेसुद्धा. मोटर बाहेर आली. तोमोएनं ती किनुएबाईंच्या यंत्रातल्या रिकाम्या खोबणीत धरली. भोकाला भोक जुळलं. अख्ख्या वर्षात मंडळात टेपरेकॉर्डर एवढा एकच आला होता.

"मी खणातनं घेतली हो!" हानाओका ओरडला. "डाव्या दिशेच्या मोटरींच्या खणात होती, सगळ्यांत वर. माझे घोडे उलटे पळवून मला काय मिळायचंय?"

ते खरं वाटलं. चोरी केलेला माणूस चोरीची मोटर सगळ्यांसमोर फिरवून दाखवणार नाही.

"मंगळवारी संध्याकाळपासून गुरुवारी दुपारपर्यंत इथं कोण आलं होतं?" तोमोएनं विचारलं.

"मी," कोपऱ्यातून होसाका म्हणाला.

होसाका मासातो चव्वेचाळीस वर्षांचा, मालवाहू गाडी चालवणारा. मूळचा डोंगरापलीकडच्या कोफूचा. तीन वर्षं मंडळात येत होता. बोलायचा कमी, आणि जुन्या मोटरी इंटरनेटवर विकायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गुरुवारी सकाळी. सेन्सेईंच्या घरून किल्ली घेतली होती, माझा पान्यांचा डबा राहिला होता म्हणून. दहा मिनिटं होतो. आत स्पिरिटचा वास कोंडला होता, खिडकी उघडली आणि..."

"तुम्ही मोटरी विकता ना, होसाकासान?"

तोमोएच्या तोंडून ते निघून गेलं. आवाज तपासणीच्या टेबलावरचा होता, नापास मालावर शिक्का मारतानाचा.

होसाकानं तिच्याकडे पाहिलं. "विकतो. माझ्या घरी आलेल्या भंगारातल्या. इथली एकही नाही."

"मग कॅसेट तरी परत द्या. ती यांच्या यजमानांच्या आवाजाची आहे, मंगळवारीच म्हणाल्या होत्या."

"माझ्याकडे नाही."

"तुमच्याशिवाय कुणी आलंच नाही म्हणता."

"असं मी म्हटलं नाही. मी आलो होतो, एवढंच म्हटलं." तो उठला. अंगातला एप्रन काढून त्यानं घडी घातली आणि खुंटीवर न लावता टेबलावर ठेवला. "तीन वर्षं झाली. इथं अजून मी कोफूचाच आहे."

तो निघून गेला. कुणी थांबवलं नाही. हानाओका घोडे पुसत राहिला, सेन्सेईंनी चहाच्या पेल्यातून मान वर केली नाही. तोमोएला एक क्षणभर हायसं वाटलं. दोष तिच्या अंगावरून उतरला होता.

त्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढं फार दिवस पुरणार होती.

३

रविवारी दुपारी ती किनुएबाईंच्या दुकानात गेली. लोणच्याच्या बरण्यांमागं बाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"पुन्हा माफी मागायला आला असाल तर राहू द्या," त्या म्हणाल्या. "ओणवं होऊन होऊन कंबर धराल. बसा. देठं मोडा."

तोमोए देठं मोडू लागली.

"काय होतं त्या टेपमध्ये?"

"आमचे हे किआरी गायचे. ओनबाशिराच्या सणाला ओंडका ओढायच्या आधी लोकांना साद घालतात ना, तसं. एका सणाआधी घरी सराव करताना भरलंय. मध्येच मी ओरडतेय, पुरे करा, शेजारी ऐकतायत म्हणून. ते हसतायत." बाईंनी पान झटकलं. "गेल्याला आठ वर्षं झाली. मला ऐकवेना, म्हणून यंत्र कपाटात टाकलं. आत्ता ऐकावंसं वाटलं, तर ते बंद. टेप आत अडकलेली, दारही उघडेना. आठ वर्षं मीच टाळलं. कुणाला बोल लावू?"

तोमोएनं पुढची जुडी ओढून घेतली.

"तो तुमचा होसाका सकाळी येऊन गेला," बाई म्हणाल्या.

"इथं? काय म्हणाला?"

"लोणचं घेतलं. म्हणाला, मी नेली नाही. मी म्हटलं, मला कसं कळणार? तर म्हणाला, मोटर विकायला चोरली असती, तर ती विकली असती. काढून मंडळाच्याच खणात, तीही बरोबर दिशेच्या खणात कशाला ठेवली असती? मला पटलं बाई ते. तुम्हाला कसं सुचलं नाही?"

तोमोएच्या हातातलं देठ तसंच राहिलं.

एवढं साधं. एकतीस वर्षं हजारो भिंगं तपासून दोष काढणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं, कारण तिला दिसायला नको होतं. दुसरा कुणी दोषी सापडल्यावर तिनं तपासणं थांबवलं होतं. आणि हेही तिच्या आत्ता ध्यानात आलं: त्या तीन दिवसांत कोण आलं होतं, हे तिनं होसाकानं तोंड उघडल्यावर आणखी कुणालाच विचारलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडे होत्या. हानाओका, ती स्वतः आणि सेन्सेई.

"स्पिरिट," ती पुटपुटली.

"काय?"

"गुरुवारी सकाळी खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता, असं तो सांगत होता. मी पुरतं बोलूही दिलं नाही त्याला. स्पिरिट पुसायला लागतं, भंगार मोडायला कशाला?"

४

सोमवारी मंडळ बंद असतं. तोमोएनं कुलूप काढलं, खिडकीपाशी टेबल ओढलं, टेपरेकॉर्डरचा सांगाडा ठेवला आणि डोळ्याला भिंग लावलं.

जुन्या टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा वर्षानुवर्षं पडून वितळतो आणि त्याचं काळं डांबर होतं. ते चाकाच्या खाचेत असं चिकटतं, की बोटाला लागलं तर दोन दिवस निघत नाही. कपाटात आठ वर्षं पडलेल्या यंत्रात ते असायलाच हवं होतं. कडेच्या पत्र्यावर त्याचे शिंतोडे होतेही. पण मोठ्या चाकाची खाच लखलखीत होती. टेपला ढकलणारा रबरी गोळा स्वच्छ होता. आवाज वाचणारा तुकडा आरशासारखा पुसलेला होता.

तोमोएनं भिंग खाली ठेवलं.

ज्याला यंत्र मोडायचंय तो मोटर उपसतो आणि बाकीचं फेकतो. खाच पुसत बसत नाही. ही सफाई तासाभराची होती, आणि ती एकाच गोष्टीसाठी करतात: नवा पट्टा चढवून यंत्र पुन्हा चालवण्यासाठी. म्हणजे कुणी तरी हे दुरुस्त करत होतं. ते मोडायला घेतलेलंच नव्हतं. दुरुस्त करता करता काही तरी बिघडलं, आणि मग ते भंगार दिसावं म्हणून मोटर काढली गेली.

आणि दुरुस्त करायला घेतलं, म्हणजे ती दुरुस्तीची वस्तू आहे हे त्या माणसाला माहीत होतं. म्हणजे चिठ्ठी होती.

ती चिठ्ठ्यांच्या डब्याकडे गेली. कोऱ्या लाल चिठ्ठ्यांच्या दोऱ्या सरळ, ताठ असतात. तिनं एकेक काढून पाहिली. बारावी की तेरावी हातात आली आणि तिनं ती उजेडात धरली. चिठ्ठी कोरी होती, पण दोरीला मधोमध वळ पडले होते, तीन, एकमेकांना लागून. दोरी कापलेली नव्हती. गाठ सोडवलेली होती.

तिनं बांधली होती. शनिवारपासून उरावर बसलेला दगड उतरायला हवा होता. पण तो उतरला नाही, तिथंच उलटला.

कारण तपासणी खात्याची ती गाठ ओढली की आणखी घट्ट होते. नापास मालाची चिठ्ठी वाटेत कुणी सोडवू नये म्हणूनच ती तशी असते. लोक ती कात्रीनं कापतात. न कापता सोडवायची तर शेपटीचं टोक मागं ढकलून मधला फेर नखानं उचलावा लागतो. कॅमेऱ्याचा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली, त्या खात्यातली माणसं पांगली, बरीच गेली.

ती गाठ सोडवता येणारी माणसं आता गावात दोनच होती. एक ती स्वतः. आणि दुसऱ्यांनीच तिला ती शिकवली होती.

५

मियासाका सेन्सेई अंगणात पर्सिमनची फळं सोलून दोरीला टांगत होते. तोमोएला फाटकात पाहून त्यांनी सुरी खाली ठेवली. तिनं लाल चिठ्ठी त्यांच्यासमोर लाकडी कट्ट्यावर ठेवली.

त्यांनी दोरीवरचे वळ पाहिले.

"कापायला हवी होती," ते म्हणाले. "पण चांगली दोरी आयुष्यात कधी कापली नाही. हात ऐकेना."

"मोटरही म्हणूनच खणात ठेवलीत?"

"चालू मोटर होती. फेकवली नाही."

दोघंही कट्ट्यावर बसली. सेन्सेईंचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. डाव्या हातानं त्यांनी तो दाबून धरला. हे तोमोएनं आधीही पाहिलं होतं, पण न पाहिल्यासारखं केलं होतं.

"त्या यंत्राची आतली रचना माझी आहे," ते म्हणाले. "एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. आपला कारखाना तेव्हा टेपरेकॉर्डरही बनवायचा, आठवतं? पण रचना माझी, हे इथं कुणाला माहीत नाही. मंगळवारी फळीवर ते पाहिलं आणि वाटलं, एकदा तरी आपलं काम आपल्या हातानं पुन्हा चालवावं. बुधवारी एकटाच गेलो. सगळं पुसलं, नवा पट्टा घातला. चाक फिरलं, हामासान. असं सुरेख फिरलं!"

"मग?"

"तुम्हाला मी काय शिकवलं होतं? पहिली चाचणी?"

"कोऱ्या टेपवर. दुसऱ्याच्या टेपवर कधी नाही."

"तेच केलं नाही मी. टेप आतच होती. म्हटलं, एक मिनिट ऐकू. गुंडाळून घेणारी चकती फिरत नव्हती, ते ध्यानातच आलं नाही. माणूस गाऊ लागला आणि आवाज एकदम बुडाला. फीत गोळ्याभोवती गुरफटली. बंद करून हळूच सोडवायची, तर हे हात... मी ओढली. तुटली."

त्यांनी डोळे मिटले.

"मी तेव्हाच सांगायचं होतं."

"हो."

"म्हातारा आता कामाचा राहिला नाही, असं सगळे म्हणतील. प्रदर्शन तोंडावर आलेलं. भ्यालो मी. पट्टा, मोटर आणि चिठ्ठी काढली, की चुकून भंगारात गेलं असं होईल आणि..."

"आणि दोष माझ्यावर येईल. ठाऊक होतं तुम्हाला?"

सेन्सेईंनी अर्धवट सोललेलं फळ उचललं, परत ठेवलं.

"ठाऊक होतं. तुम्ही सोसाल, हेही ठाऊक होतं."

तोमोएला थोबाडीत बसावी तसं झालं. पन्नास वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर ती चालली, त्यानं तिच्या सोशिकपणाचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता. पण तिला रागानं उठून जाता येईना. शनिवारचा होसाकाचा चेहरा मध्ये येत होता.

"मी एका निरपराध माणसाला सगळ्यांसमोर चोर ठरवलं," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून चहा प्यायलात. सेन्सेई, हे पाप दोघांचं मिळून आहे. टेप कुठंय?"

ते आत गेले आणि चहाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत कॅसेट होती, आणि सुरकुतलेल्या तपकिरी फितीचा मूठभर गुंता.

"बुधवारपासून रोज उघडून बघतोय," ते म्हणाले. "हात लावायचं धाडस होत नाही. कोण करेल हे आता?"

कोण करेल हे दोघांनाही ठाऊक होतं. मंडळात टेपची फीत जोडता येणारा एकच होता, आणि शनिवारी त्यानं एप्रन काढून ठेवला होता.

६

त्याच दिवशी दुपारी होसाका गावच्या सरोवराकाठी गाडी लावून डबा खात होता. तोमोएनं काचेवर टकटक केलं, सगळं सांगितलं आणि तिथंच रस्त्यावर वाकली.

तो घास चावून गिळेपर्यंत थांबला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण हामासान, चोर म्हणालात तेव्हा समोर आणखी तीन माणसं होती. माफी मागायला एकट्या आलात, तेही कुणी नसताना."

"उद्या मंडळात या," ती म्हणाली.

मंगळवारी मंडळ भरलं. तोमोएनं किनुएबाईंना मुद्दाम बोलावून आणलं होतं. प्रदर्शनाच्या मांडवाची मापं घ्यायला आलेली नगरपालिकेची दोन माणसंही होती, ती जाईपर्यंत थांबावं असं तिला फार वाटलं. ती थांबली नाही. होसाका दाराशी बाहेरचे बूट न काढता उभा होता.

"शनिवारी या खोलीत मी होसाकासानना चोर ठरवलं," ती म्हणाली. "पुरावा नव्हता. दोष माझ्यावरून टळावा म्हणून केलं. ते बाहेरगावचे होते, म्हणून सोपं गेलं. चूक पूर्ण माझी आहे." ती वाकली आणि वाकूनच राहिली.

मग सेन्सेई उठले. एका हातानं टेबल धरून त्यांनी किनुएबाईंना बुधवारपासूनचं सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. चक्राच्या घोड्यावर रंगाचा हात देत असलेल्या हानाओकाचा कुंचला हवेतच राहिला. सेन्सेई गुडघ्यांवर बसून जमिनीला कपाळ टेकू लागले, तेव्हा किनुएबाईंनी त्यांना अडवलं.

"उठा. तसं नका करू, मला ते बघवणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "टेप तुटली, ती तुटली. जुनी होती. पण बुधवारी सांगितलं असतंत, तर मी माझ्या माणसासाठी रडले असते. हे चार दिवस मी चोराचा विचार करत घालवले. ते दिवस मात्र तुम्हाला परत देता येणार नाहीत."

सेन्सेईंनी मान खाली घातली.

किनुएबाई दाराकडे वळल्या. "होसाकासान, तुम्हाला जमेल?"

होसाकानं डब्यातला गुंता खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. "सगळं नाही," तो म्हणाला. "बरंचसं."

ते त्यानं मंडळात केलं नाही. किनुएबाईंच्या दुकानामागच्या खोलीत केलं, गुरुवारी, सुट्टी घेऊन. स्वतःची दोन टेपयंत्रं घेऊन आला. बाकीचे चौघे भिंतीला लागून बसले. सुरकुतलेली फीत तो बोटाच्या पेरानं काचेवर सपाट करत होता, वीत वीत. जिथं ती दोरीसारखी पिळली गेली होती तेवढा तुकडा त्यानं कापून बाजूला ठेवला. हातभर भरला.

"दहा सेकंद जातील," तो म्हणाला.

"कुठली दहा?"

"ते लावल्यावर कळेल."

टोकं जोडून त्यानं फीत नव्या कॅसेटमध्ये भरली, यंत्रात घातली आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग बाईंचे यजमान इमाई तोकुजी गायला लागले.

उंच, ताणलेला, डोंगराला आदळून यावा असा आवाज त्या लोणच्याच्या वासाच्या खोलीत मावेना. मध्ये एका बाईचा चिडलेला आवाज आला, पुरे करा, शेजारी ऐकतायत. आणि पुरुषाचं हसणं. किनुएबाईंनी तोंडाला पदरासारखा एप्रन लावला. तोकुजींनी पुन्हा सुरुवात केली. आवाज सुरकुत्यांवरून जाताना जरा गदगदला, सावरला, शेवटच्या ओळीवर चढू लागला, आणि तिथंच तुटला. पुढं टेपवर नुसती किटलीची शिट्टी. शेवटची साद गेली होती.

तोमोए जमिनीकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता कुणी तरी काही तरी बोलावं आणि कुणीही काही बोलू नये.

किनुएबाईंनी एप्रन खाली केला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मान ताठ केली आणि राहिलेली ओळ गायली. घसा बसलेला होता, वरचा सूर फाटला, पण एकही शब्द चुकला नाही. चाळीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकून पाठ झालेली साद होती ती.

"योइसा!" हानाओकाच्या तोंडून सवयीनं निघालं, सणात ओंडका ओढताना निघतं तसं. तोमोएही म्हणाली. सेन्सेईंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

होसाकानं हात पुढं करून एक बटण दाबलं, मग दुसरं. तेव्हा तोमोएच्या लक्षात आलं, की दुसरं यंत्रही इतका वेळ चालूच होतं.

"जोडलेली फीत पुन्हा तुटू शकते," तो म्हणाला. "म्हणून वाजता वाजता प्रत घेत होतो. मध्ये मायक्रोफोन ठेवला होता."

"म्हणजे मी गायले तेही आत गेलं?"

"गेलं. मी थांबवलं नाही. नको असेल तर पुसतो."

किनुएबाईंनी त्या फिरायच्या थांबलेल्या चकत्यांकडे पाहिलं.

"घसा फार वाईट लागला का?"

"हो," होसाका म्हणाला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा. पहिल्यापासून."